ग्रंथाचे वय आणि माणसाचा हक्क

जानेवारी 2015 मध्ये मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेसचे 102 वे अधिवेशन भरले. त्या व्यासपीठावरून प्राचीन भारतातील विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला आणि त्याला आधार म्हणून भरद्वाज ऋषींच्या नावावर चालणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा हवाला देण्यात आला. वस्तुतः या ग्रंथाची जन्मपत्रिका चार दशकांपूर्वीच मांडली गेली होती. 1974 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी तो तपासला. त्याची संस्कृत भाषा वैदिक नाही, तो विसाव्या शतकाच्या आरंभी सुब्बराय शास्त्री यांनी तोंडी सांगून लिहवलेला आहे, आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निर्वाळा त्यांनी दिला. म्हणजे ज्याला हजारो वर्षांचे म्हणून मिरवले गेले, त्याचे वय जेमतेम शंभर वर्षे!

अशा ग्रंथाला वय चिकटवण्याची गरज कोणाला आणि का भासते, हा खरा प्रश्न आहे. गावचा जमीनदार वाद पेटला की पेटीतला जुना कागद काढतो. त्याला कागदाच्या इतिहासात रस नसतो, जमिनीच्या ताब्यात असतो. धर्मग्रंथांच्या प्राचीनत्वाचा आजचा गजर बहुतांशी याच जातीचा आहे.

अर्थात ‘वैमानिक शास्त्र’ आणि ऋग्वेद यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. ऋग्वेद हा खरोखरच मानवजातीच्या अतिप्राचीन वाङ्मयातील एक ठेवा आहे. पण त्याचे वय श्रद्धेच्या घोषणेने ठरत नाही, पुराव्याने ठरते. आज तुर्कस्तानात असलेल्या बोगाझकोई येथे सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातील तहाच्या इष्टिकालेखात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही नावे साक्षीदार देवता म्हणून येतात. ऋग्वेदातील रथाच्या चाकाला आरे आहेत; आरे असलेल्या चाकांचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने अवशेष उरल पर्वताच्या परिसरातील असून ते ख्रिस्तपूर्व 2000 च्या आसपासचे आहेत. ऋग्वेदातील समाज गाईगुरे राखणारा आणि यव पिकवणारा आहे. तांदूळ आणि काळे अयस् म्हणजे लोखंड यांचे स्पष्ट उल्लेख अथर्ववेदापासून पुढे येतात. भाषा, धातू, धान्य आणि वाहन या चारही साक्षी जुळवून बहुसंख्य अभ्यासक ऋग्वेदाची रचना ढोबळपणे ख्रिस्तपूर्व 1500 ते 1000 या काळात ठेवतात. नवा पुरावा आला तर हा आकडा बदलेल, आणि तो बदलण्याची तयारी हेच शास्त्राचे शील आहे.

पुराव्याची ही पद्धत महाराष्ट्राला परकी नाही. लोकमान्य टिळकांनी 1893 च्या ‘ओरायन’मध्ये वसंतसंपाताच्या आधारे वेदांचा काळ इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांच्याही मागे नेला. त्यांचा निष्कर्ष आज अभ्यासकांना मान्य नाही. परंतु वेदांना कालगणनेच्या कोर्टात उभे करताना त्यांनी कळत वा नकळत एक मोठी गोष्ट मान्य केली. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आणि नित्य आहेत. जे नित्य आहे त्याला वय नसते, आणि ज्याला वय आहे ते नित्य नव्हे. आजचे अभिमानी मात्र एका श्वासात वेद अनादी म्हणतात आणि दुसऱ्या श्वासात ते दहा हजार वर्षांचे असल्याचे सांगतात. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्यांना या दोहोंपैकी कोणते विधान ते मागे घेणार, एवढेच विचारले पाहिजे.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. हे ग्रंथ एका दिवशी, एका हाताने घडलेले नाहीत. ते थराथराने साचलेले आहेत. चार वर्णांची नावे एकत्र येणारे पुरुषसूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. ते मंडल भाषेच्या कसोटीवर उत्तरकालीन ठरते, आणि ‘शूद्र’ हा शब्द संपूर्ण ऋग्वेदात त्या एकाच सूक्तात येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत 1919 पासून 1966 पर्यंत, सुमारे 1,259 हस्तलिखिते ताडून, महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही घरोघरी ठाऊक असलेली कथा त्या आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही. ती मागाहूनची भर ठरून परिशिष्टात गेली. हा निर्णय कोण्या पाखंड्याने दिला नाही. संस्कृतात आयुष्य घालवलेल्या पंडितांनी दिला.

येथे स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. पुरोगामी म्हणवणाऱ्या काहींच्या भाषणात सर्व धर्मग्रंथ म्हणजे चार भटांनी एका रात्रीत रचलेले कारस्थान, असा सूर ऐकू येतो. हेही अज्ञानच, फक्त त्याचे तोंड दुसरीकडे आहे. 5 जानेवारी 2004 रोजी एका परदेशी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचे निमित्त करून भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस झाली. त्यात बहुजनांचे कोणते हित साधले? थर उलगडून दाखवणारी पोथी हीच तर सनातन्यांविरुद्धची सर्वांत बळकट साक्ष! ज्या संस्थेतील ऋग्वेदाच्या 30 हस्तलिखितांची 2007 मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंद केली, ती कोण्या एका जातीची मिरास नाही. पाठांतर करणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या शेत नांगरावे लागले नाही, कारण ते दुसऱ्याने नांगरले. त्या श्रमाचा वाटा या ठेव्यात आहे, आणि श्रमाच्या वारसांचा हक्कही.

परंतु सर्वांत महत्त्वाचे ते पुढेच आहे. आर्य बाहेरून आले, असे जोतीराव फुले यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त मांडले आणि जातिसंस्थेवर घाव घातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये शूद्रांच्या उगमावर लिहिताना आर्यांच्या आक्रमणाचा तोच सिद्धांत नाकारला आणि तरीही जातिसंस्थेवर तितकाच कठोर घाव घातला. टिळकांनी 1903 मध्ये आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे नेले. त्यातून समतेचा निष्कर्ष निघाला नाही. यावरून काय दिसते? समतेचा पाया उगमाच्या कोणत्याही सिद्धांतावर उभा नाही. उद्या ऋग्वेद आणखी हजार वर्षांनी जुना ठरला, तर अभ्यासकांनी आनंदाने टिपण करावे. पण त्यामुळे कोणाच्या विहिरीचे पाणी दुसऱ्यासाठी बंद होत नाही.

मनुस्मृतीचा काळ साधारणतः ख्रिस्तपूर्व 200 ते इसवी सन 200 यांच्या दरम्यान मानला जातो. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला तिचे दहन झाले, ते तिचे वय कमी भरले म्हणून नव्हे. तिच्या नावाने जिवंत माणसाला तळ्याचे पाणी नाकारले जात होते म्हणून. अन्याय दोन हजार वर्षांचा असला तर तो न्याय होत नाही, फक्त जुना अन्याय होतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी काळनिर्णयाच्या वादात हुल्लडीने उतरू नये आणि घाबरून मागेही हटू नये. कोणी प्राचीनत्वाचा दाखला पुढे केला की दोन प्रश्न शांतपणे विचारावेत: पुरावा कोणता? आणि या वयाच्या जोरावर आज कोणाकडून काय हिरावून घ्यायचे आहे? पहिल्या प्रश्नाने भोंदू गप्प होतील. दुसऱ्याने त्यांचे हितसंबंध उघडे पडतील.

1 एप्रिल 1957 या कृषक दिनी मुंबई राज्यात कुळे जमिनीची मालक झाली, तेव्हा कायद्याने जमीनदाराच्या पेटीतला कागद किती जुना आहे, हे विचारले नाही; जमीन कोण कसतो, हे विचारले. संस्कृतीच्या जमिनीलाही तोच न्याय लावण्याची वेळ आली आहे.