शेवटचे काही मेगाहर्ट्झ आणि एक पंखा

"पूर्ण पैसे मोजलेत ना, मग प्रोसेसर पूर्णच पळाला पाहिजे!" हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की कोणीतरी ते बारावीच्या पुस्तकात घातलंय की काय अशी शंका येते. पुण्याच्या ऑफिसातले सहकारी हेच म्हणतात, यूट्यूबवरचे तमाम टेक-गुरू हेच म्हणतात आणि आमच्या शहाद्यात कॉम्प्युटर जोडून देणारे भाऊही हेच म्हणतात. पुढची कृतीही ठरलेली. विंडोज असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाय परफॉर्मन्स'. लिनक्स असेल तर गव्हर्नर 'परफॉर्मन्स' करून मोकळं. बायोसमध्ये पॉवर लिमिट दिसलीच, तर ती काढून टाकायची. झालं, पैसे वसूल!

तर मंडळी, आजचा वीकान्त या पैसे वसूल पंथाच्या विरोधात.

ज्यांना हा काय प्रकार आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोसेसर एकाच वेगाने चालत नाही. काम असेल तसा तो वेग वाढवतो, कमी करतो आणि वेगाबरोबर व्होल्टेजही वर-खाली करतो. इंटेलने २००० साली लॅपटॉपच्या पेन्टियम ३ मध्ये हे 'स्पीडस्टेप' नावाने आणलं. पाठोपाठ एएमडीने डेस्कटॉपसाठी 'कूल अँड क्वाएट' काढलं. लिनक्समध्ये २००४ मध्ये 'ऑनडिमांड' गव्हर्नर आला, २०१६ मध्ये 'शेडयुटिल'. म्हणजे गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरची डोकी एकाच प्रश्नावर राबतायत: नको असेल तेव्हा प्रोसेसरला कसं थांबवायचं. आणि आपण काय करतो? पहिल्याच दिवशी ते सगळं बंद करतो.

बरं, यात गणितही फार अवघड नाही. चिपमध्ये खर्च होणारी वीज ही व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. सीव्हीस्क्वेअरएफ! इंजिनिअरिंगला आपण सगळ्यांनी हे घोकलंय, परीक्षेत लिहिलंय आणि हॉलबाहेर पडताच विसरलोय. वेग २० टक्के कमी केला आणि व्होल्टेजही तेवढंच खाली आणता आलं, तर ०.८ चा घन, म्हणजे ०.५१. वेग एक पंचमांश गेला आणि वीज निम्मी झाली. प्रत्यक्षात व्होल्टेज इतकं खाली येत नाही, त्यामुळे बचत जरा कमी होते, पण दिशा तीच. आणि हेच उलटं वाचा. शेवटचा थोडासा वेग मिळवायला विजेची अक्षरशः उधळपट्टी करावी लागते.

पटत नाही? एएमडीचेच दोन प्रोसेसर घ्या. रायझन ७ ५८०० एक्स (२०२०) आणि ५७०० एक्स (२०२२). दोन्ही आठ कोअरचे, दोन्ही झेन ३. एकाचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.६. आता विजेची मर्यादा बघा. पहिल्याला १४२ वॅट, दुसऱ्याला ७६. फरक ६६ वॅटचा! सगळे कोअर एकदम राबवले तर ५८०० एक्स पुढे राहतो, नाही असं नाही. पण किती पुढे, आणि कशाच्या बदल्यात? जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. म्हणजे भर कामात असताना शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठी आपण जवळपास एक पंखा जाळतोय.

यावर पुण्या-मुंबईचा वाचक म्हणेल, जाळला तर जाळला, बिल मी भरतोय. भर बाबा. पण हाच सल्ला तू व्हॉट्सॅपवरून गावाकडच्या चुलतभावाला देतोस ना, तिथे माझं भांडण आहे.

आमचं शहादा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, तापीच्या अलीकडचं गाव. केळी, पपई, ऊस. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं ते आमच्याच तालुक्यातल्या टेंभली गावात, त्यामुळे डिजिटल वगैरे आमच्यापासूनच सुरू झालं असं म्हणायला आम्ही मोकळे :) पण उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जाणं ही इथे बातमी नसते. एसी सगळ्यांकडे नाही. 'कूलर' म्हटल्यावर इथे कोणाच्या डोळ्यासमोर प्रोसेसरवरचा पंखा येत नाही, पाणी भरायचा तो लोखंडी डबा येतो. (आणि त्याच्या दमट झोतासमोर कॉम्प्युटर ठेवणाऱ्यांबद्दल स्वतंत्र लेख लिहावा लागेल.)

आता त्या यूट्यूबवरच्या परीक्षणाकडे बघा. ते झालं एसी खोलीत, समजा २२ अंशांत, आणि प्रोसेसर ८० अंशांवर स्थिरावला. म्हणजे हवेपेक्षा ५८ अंश जास्त. तोच पंखा, तेवढेच वॅट, पण खोली ४० अंशांची. बेरीज करा. ९८! रायझन ७००० मालिकेची मर्यादा ९५ अंशांची आहे, इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० ला हात टेकतात. तिथे पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, कारण नाहीतर तो मरेल. म्हणजे गंमत बघा, तुम्ही वेग आवरणार नाही म्हणालात तरी मे महिना तो आवरणारच आहे. फरक इतकाच की तुम्ही आवरलात तर नीट, समजून-उमजून आवराल. मे महिना आवरेल तो पंख्याची घरघर करून आणि आधीच तापलेल्या खोलीत दीडशे वॅटचा हीटर लावून. कॉम्प्युटरने ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत येते, हे 'परफॉर्मन्स'वाले कधी सांगत नाहीत. तेच वॅट निम्मे करा, ते ५८ अंश साधारण २९ होतात, आणि चाळीसच्या खोलीतही प्रोसेसर सत्तरच्या आत राहतो.

दुसरी गोष्ट विजेची. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं माझ्या पिढीने शाळेत असताना काढली, बारा-बारा तासांची. आता तसं नाही, मान्य. पण वादळ आलं, फॉल्ट झाला, दुरुस्ती निघाली की वीज जातेच, आणि तेव्हा घर इन्व्हर्टरवर असतं. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमधलं नुकसान, बॅटरीचं वय वगैरे वजा जाता हाती हजार धरा. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राऊटर मिळून २५० वॅट ओढत असतील तर चार तास. १२५ ओढले तर आठ. आणि खरं तर फरक याहून मोठा असतो, कारण बॅटरीवर छापलेला १५० चा आकडा हा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याचा असतो. जोरात ओढली तर ती तेवढं देतच नाही. बॅटरीच्या पाण्याचं मोजमाप ठेवणाऱ्या वडिलांना हे कळतं, बी.ई. झालेल्या मुलाला कळत नाही.

२०२० नंतर अर्धं ऑफिस गावाकडून काम करायला लागलं. एमपीएससीची तयारी करणारी मुलगी रात्री त्याच कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघते. आजीचा पंखा त्याच इन्व्हर्टरवर आहे. या घरात 'पूर्ण पैसे, पूर्ण वेग' याचा अर्थ काय? तर ऐन कामाच्या मध्यात बॅटरीने मान टाकायची.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. सगळेच फालतू नाहीत.

पहिला: पटकन काम संपवून पटकन झोपलेलं बरं, रेंगाळण्यात जास्त वीज जाते. हे बऱ्याच अंशी खरं आहे. रिकामे कोअर गाढ झोपेत जातात आणि 'परफॉर्मन्स' लावला तरी जातातच, त्यामुळे अगदी रिकाम्या मशीनवर दोन्हींत फार फरक दिसत नाही. म्हणूनच मी प्रोसेसर कायम सगळ्यात कमी वेगावर डांबून ठेवा असं म्हणत नाही. तो दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा आहे. पण पळून झोपायचं म्हणजे छाती फुटेस्तोवर पळायचं असं कोणी सांगितलं? घरचा कॉम्प्युटर तसाही रिकामा कधी असतो? ब्राउझरचे तीस टॅब आणि अँटिव्हायरस त्याला दर मिनिटाला उठवतात, आणि प्रत्येक वेळी तो सगळ्यात वरच्या व्होल्टेजला उडी मारतो.

दुसरा: गेमला लागतं. लागतं तेव्हा द्या! लिनक्सवर 'गेममोड' नावाचा प्रोग्रॅम २०१८ पासून आहे. गेम सुरू झाला की गव्हर्नर बदलतो, संपला की परत आणतो. दीड तासाच्या गेमसाठी चोवीस तास शर्यत कशाला?

तिसरा म्हणजे भावना. "कमी वेग म्हणजे फसवणूक." या भावनेवर अख्खा उद्योग पोसलाय. २००४ मध्ये इंटेलला ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ रद्द करावा लागला आणि क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर चक्क गुडघे टेकून माफी मागितली. वीस वर्षांनी काय? २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे कायमचे बिघडू लागले. कंपनीला मायक्रोकोड दुरुस्त्या द्याव्या लागल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली, आणि मदरबोर्डवाल्यांना आमच्या मूळ मर्यादा पाळा म्हणून सांगावं लागलं. त्याच वर्षी एएमडीने रायझन ७ ९७०० एक्स शहाण्यासारखा ६५ वॅटचा आणला, तर परीक्षकांनी नाक मुरडलं, की हा पुरेसा पळत नाही! महिन्याभरात १०५ वॅटची सोय आली. धन्य!

असो. करायचं काय ते सांगतो, फार नाही. एएमडीचा बोर्ड असेल तर बायोसमध्ये 'इको मोड' शोधा आणि ६५ वॅट निवडा. इंटेल असेल तर इंटेलच्या मूळ पॉवर लिमिट लावा, बोर्डवाल्याच्या नाही. विंडोजवर 'बॅलन्स्ड' ठेवा. वीज गेलेली असेल तेव्हा प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करा, टर्बो बंद होतो. लिनक्सवर काही न करणं हेच बहुतेकदा उत्तम. आणि इंटेलच्या नव्या ड्रायव्हरमध्ये गव्हर्नर 'पॉवरसेव्ह' दिसला म्हणून घाबरून धावू नका. तिथे त्या नावाचा अर्थ 'सगळ्यात हळू' असा नाही, तो कामाप्रमाणे वेग बदलतच असतो. नाव ठेवणाऱ्याने घोळ घातलाय, बाकी काही नाही.

आणि दुकानदार भाऊंना एक विनंती. पाच रंगांत लुकलुकणारे पंखे बसवायला तुम्ही अर्धा तास घालवता. पेटी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी एकदा बायोस उघडून ती एक ओळ बदला. दोन मिनिटं लागतात. गिऱ्हाईक शहाद्याचं आहे, तैवानच्या प्रयोगशाळेतलं नाही.