आधी विचारा, मग आखा

सेमिस्टर सुरू झालं की क्लासच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, ‘सीईपीला काय घेतलंस रे?’ नव्या शैक्षणिक धोरणामुळे कम्युनिटी एंगेजमेंट आणि फील्ड प्रोजेक्ट आता क्रेडिटसकट तुमच्या मार्कशीटवर येतात. त्यामुळे तुमच्यापैकी कितीतरी जण वही-पेन घेऊन शहरातल्या वस्त्यांमध्ये जाऊ लागलेत. छानच आहे. पण जाऊन करायचं काय? बऱ्याचदा उत्तर ठरलेलं असतं. एक भिंत निवडायची, त्यावर झाड, पाण्याचा थेंब आणि स्वच्छतेचा संदेश रंगवायचा, ग्रुप फोटो काढायचा, फाइल सबमिट करायची. दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे निघतात. भिंतीखालची तुंबलेली गटार मात्र जिथल्या तिथे असते.

आमचं रंगाशी भांडण नाही, क्रमाशी आहे. डिझाइन म्हटलं की आपल्याला आधी दिसणं आठवतं. खरं तर डिझाइन म्हणजे कुठली गोष्ट कुठे असावी, केवढी असावी आणि कुणाच्या सोयीची असावी, याचा निर्णय. नळ गल्लीच्या कुठल्या टोकाला, जिना किती रुंद, खिडकी कुठल्या बाजूला, हे निर्णय माणसं रोज जगतात. म्हणून वस्तीसाठी डिझाइन करताना ‘काय करायचं’ याच्या आधी ‘कोण ठरवणार’ हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर चुकलं, तर पुढचं कितीही देखणं असलं तरी उपयोग नाही.

हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. आपल्याच नगरमध्ये संजयनगर आहे. या झोपडपट्टीच्या पुनर्विकासात महापालिकेसोबत स्नेहालय, कम्युनिटी डिझाइन एजन्सी ही मुंबईच्या आर्किटेक्ट मंडळींची संस्था आणि अमेरिकेतलं करी स्टोन फाउंडेशन असे सगळे उतरले. कुटुंबं २९८, बहुतेक हातावर पोट असलेली. पंतप्रधान आवास योजनेच्या चौकटीत पक्की घरं बांधायची होती. अशा वेळी सोपी वाट म्हणजे एक ठरलेला नकाशा आणायचा आणि घरांवर घरं रचून मोकळं व्हायचं. इथे ती वाट धरली नाही. डिझाइनर वस्तीत बसले, रहिवाशांशी पुन्हा पुन्हा बोलले. लोक आज कसे राहतात, बायका कुठे बसतात, पोरं कुठे खेळतात, शेजार म्हणजे नेमकं कोण, हे आधी समजून घेतलं आणि मग रेघा मारल्या. त्यातून उंच टॉवर नव्हे, तर कमी मजल्यांच्या इमारती, मधे अंगणं, रुंद व्हरांडे, उजेड आणि वारा येईल अशी घरं असा आराखडा पुढे आला. बांधकाम टप्प्याटप्प्याने होतं, त्याला वर्षं लागतात, लोकांचा विश्वास बसायला त्याहून जास्त. ते सगळं एका सेमिस्टरमध्ये मावत नाही.

तुम्ही म्हणाल, अंगण आणि व्हरांडा ही तर हौस झाली, गरिबाला चार भिंती मिळाल्या तरी पुष्कळ. नेमकं हेच वाक्य सगळ्यात महाग पडतं. मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडे नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. तिथल्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की मधे जेमतेम ३ मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा खेळत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, अशा कोंदट वसाहतींतल्या खालच्या मजल्यांवर क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं. झोपडीतून पक्क्या घरात आलेली माणसं पक्क्या घरामुळे आजारी पडावीत? कागदावर ती योजना पूर्ण झालेलीच होती. चुकल्या त्या खिडक्या आणि दोन इमारतींमधली जागा. नकाशावरच्या त्या रेघेमागे कुणाची तरी फुप्फुसं होती.

आता जागेचं गणित बघा. २०१५ च्या आवास योजनेत दुर्बल घटकासाठीच्या घराचं चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत होतं, म्हणजे साधारण ३२३ चौरस फूट. पाच-सहा माणसं त्यात झोपू शकतात, पण शिलाई मशीन, भाजीची हातगाडी, पापड वाळवायची चादर आणि बारावीचा अभ्यास हे सगळं त्यात मावत नाही. वस्तीतलं निम्मं घर उंबऱ्याबाहेर असतं. ते बाहेरचं निम्मं घर नकाशात आलं नाही, तर नव्या घराने माणसाचा धंदाही मोडतो आणि शेजारही.

मोठ्या डिझाइनरांनी हे फार आधी ओळखलं होतं. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज आखलं. सात-सात घरांचा एक पुंजका, मधे साधारण ८ मीटर लांब-रुंद अंगण, आणि कुठल्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही. का? तर पुढेमागे पैसे आले की माणसाला शेजाऱ्याची परवानगी न मागता घर वाढवता यावं. बाळकृष्ण दोशींनी इंदूरमध्ये अरण्य वसाहत आखली, तिला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. तिथेही अनेकांना पूर्ण घर न देता जोत्यासह प्लॉट आणि पाणी-संडासाची सोय दिली, बाकीचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे उभं करायचं. पुण्यात येरवड्याला तर वस्ती उठवलीच नाही. ज्याचं कच्चं घर जिथे होतं, तिथेच नवं बांधलं, गल्ल्या आणि शेजार तसेच ठेवले. घरोघरी जाऊन लोकांना तयार करण्याचं काम महिला मिलनच्या बायकांनी केलं.

चोंडीत जन्मलेल्या ज्या अहिल्यादेवींचं नाव आज आपल्या जिल्ह्याला आहे, त्यांनी देशभर काय बांधलं ते आठवा. घाट, विहिरी, धर्मशाळा, मंदिरं. लांबून बघण्यापुरतं नव्हे, वापरण्यासाठी. पाणी भरणाऱ्याचा पाय घसरू नये, वाटसरूला रात्री टेकायला जागा मिळावी, हा विचार त्यामागे होता. नाव मिरवायचं असेल तर ही नजरही घ्यायला हवी.

‘पण आम्ही कुठे आर्किटेक्ट आहोत?’ नाही आहात, आणि तीच सोय आहे. तुम्हाला इमारत उभी करायची नाहीये, ती ज्यावर उभी राहते ती माहिती गोळा करायची आहे. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेचं १९९३ पासूनचं काम बघा. घरागणिक माहिती नकाशावर उतरवली, की कुणाकडे संडास नाही आणि ड्रेनेजची लाइन कुठवर आली आहे, हे एका नजरेत दिसतं. मग ‘घर तिथे शौचालय’ ही घोषणा राहत नाही, कुठल्या गल्लीत किती मीटर पाइप लागेल याचा हिशोब होतो.

असा नकाशा तुमच्या ग्रुपला जमणार नाही का? भूगोलवाल्यांनी उतार आणि पाणी साचण्याच्या जागा टिपाव्यात. कॉम्प्युटरवाल्यांनी त्या नकाशावर आणाव्यात. कॉमर्सवाल्यांनी खर्चाचा अंदाज बांधावा. सायन्सवाल्यांनी नळाचं पाणी तपासून घ्यावं. आणि मराठीवाल्यांनो, प्रभाग कार्यालयात वाचलं जाईल असं एक पानी निवेदन लिहिणं हेही डिझाइनच आहे! नळ किती वाजता येतो आणि त्यासाठी कुणाची झोपमोड होते, अॅम्ब्युलन्स कुठवर येते, अंधार पडल्यावर मुली कुठली गल्ली टाळतात, एवढं जरी नीट टिपलं तरी दहा भित्तिचित्रांपेक्षा मोठं काम होईल. कुठे एक दिवा, कुठे गटारीवर चार फरश्या, कुठे म्हाताऱ्यांना टेकायला कट्टा. काम छोटं असू दे, लोकांनी मागितलेलं असू दे.

आणखी एक. प्रश्न विचारणं फुकट नसतं. धुणीभांडी सोडून तुमच्याशी अर्धा तास बोलणाऱ्या मावशींचा अर्धा तास तुम्ही घेतलेला असतो. काही वस्त्यांत दरवर्षी नवी बॅच येते, तेच फॉर्म भरून नेते, आणि पुन्हा कुणी फिरकत नाही. पुढच्या खेपेला दार उघडलं नाही तर दोष कुणाचा? म्हणून एक नियम स्वतःला घालून घ्या. जी माहिती वस्तीतून नेली, ती वस्तीला परत द्यायची. मोठ्या कागदावर नकाशा काढून चौकात लावायचा, लोक चुका काढतील त्या दुरुस्त करायच्या, आणि काम तुमच्याबरोबर संपू नये म्हणून सगळं पुढच्या बॅचच्या हातात द्यायचं.

‘महापालिका ऐकणार आहे का?’ पहिल्या फेरीत कदाचित नाही. पण ‘आमच्याकडे पाणी येत नाही’ ही तक्रार टोलवणं सोपं असतं. चाळीस घरांचा नकाशा, प्रत्येक घरापुढे पाण्याची वेळ आणि खाली रहिवाशांच्या सह्या असलेला कागद टोलवणं तेवढं सोपं नसतं.

शेवटी, हे पान वाचणाऱ्यांपैकी काही जण त्याच गल्ल्यांतून कॉलेजला येतात, हे आम्हाला माहीत आहे. ग्रुपमध्ये वस्तीची चर्चा निघाली की तुम्ही गप्प बसत असाल, तर बसू नका. या विषयातले सगळ्यात मोठे जाणकार तुम्ही आहात. जिना कुठे अरुंद आहे, हे रोज पाण्याचा हंडा घेऊन चढणाऱ्याला कुठल्याही डिझाइनरपेक्षा आधी कळतं. ग्रुप लीडर तुम्ही व्हा. बाकीच्यांनी टेप धरायची.