बोटीवरची मोरी

इंग्लंडच्या कालव्यांवर फिरणारी नॅरोबोट जेमतेम ६ फूट १० इंच रुंद असते, कारण अठराव्या शतकात बांधलेल्या अरुंद लॉकमधून, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कोठ्यांमधून, तिला जायचं असतं. आत उभं राहायला उंची मिळावी म्हणून शॉवरचा ट्रे शक्य तितका तळाशी बसवतात. बोट साधारण दोन फूट पाण्यात बुडालेली असते. त्यामुळे आंघोळ करणाऱ्याची पावलं बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली येतात. तिथे भोक पाडलं, तर कालवाच आत शिरेल. म्हणून मोरीचं पाणी उचलून, पातळीच्या वर ठेवलेल्या तोंडातून बाहेर फेकायला पंप लागतो.

काही जुन्या बोटींवर यातून एक पळवाट काढलेली दिसते. ट्रेचं पाणी सरळ बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत सोडायचं आणि तिथल्या पंपाने ते काढायचं. ही सवय मोडायलाच हवी. साबणाचा थर आणि केस तिथे साचतात, कुबट वास बोटभर पसरतो. त्याहून वाईट म्हणजे बोट गळू लागल्यावर ज्याच्या भरवशावर माणसं तरतात, त्या बिल्ज पंपाची जाळीच बुजते.

मोरीसाठी स्वतंत्र पंप हवा, हे मान्य केलं की प्रश्न उरतो कोणत्या जातीचा.

पाण्यात बुडवून ठेवायचा सेंट्रिफ्यूगल पंप स्वस्त असतो. तो एका छोट्या डब्यात बसवतात. डबा भरला की तरंगता स्विच त्याला चालू करतो. पण या पंपाला हवा ओढता येत नाही, थोडं पाणी तळाशी राहतंच, आणि बंद होताच नळीतलं पाणी उलटं परत येतं. तरंगत्या स्विचवर साबण आणि केस चिकटले की तो अडकतो. मग पंप सुरूच होत नाही किंवा थांबतच नाही. रबरी पात्यांच्या इम्पेलर पंपाची ओढ चांगली असते, मात्र पाणी संपल्यावर तो काही वेळ कोरडा फिरला तरी पाती जळतात. आंघोळीचं पाणी तर दर वेळी संपणारच!

म्हणून या कामाला डायफ्रॅम पंपच योग्य. त्यात रबरी पडदा लोहाराच्या भात्यासारखा वरखाली होतो आणि दोन बाजूंचे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी पुढेच जाऊ देतात. उत्तर आयर्लंडच्या बँगरमधल्या व्हेल कंपनीचा ‘गल्पर २२०’ हे याचं परिचित उदाहरण. तो मिनिटाला सुमारे १४ लिटर पाणी काढतो, तीन मीटरपर्यंत स्वतः ओढून घेतो आणि कोरडा चालला तरी बिघडत नाही. शॉवरमधून मिनिटाला आठ लिटर पडत असतील, तर पंप सहज पुढे राहतो आणि ट्रे तुंबत नाही.

चांगला पंपही वाईट जोडणीने हरतो. तो ट्रेखाली कायमचा गाडून टाकू नये; व्हॉल्व्हमध्ये केस अडकला की हात पोचायला हवा. नळी आतून गुळगुळीत असावी, कारण वळ्यावळ्यांच्या नळीत साबण बसतो. तारेची जाडी तर हमखास दुर्लक्षित राहते. पंप तीन अँपिअर घेत असेल आणि तो बॅटरीपासून दहा मीटर लांब असेल, तर जाण्यायेण्याच्या वीस मीटर तारेत दीड चौरस मिलिमीटर तांब्यावर १२ व्होल्टमधला जवळपास पाऊण व्होल्ट वाटेतच संपतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर हे नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आत राहतं.

ब्रिटनच्या कालव्यांत शौचालयाचं पाणी सोडायला बंदी आहे. आंघोळीचं पाणी मात्र सहसा तसंच सोडलं जातं. संथ, उथळ पाण्यात त्याचा भार माशांवर आणि पाणवनस्पतींवर पडतो. मुभा आहे म्हणून वाटेल तो शाम्पू ओतणं बरोबर नाही.

सुट्टीत अशी बोट भाड्याने घेणाऱ्यांनी ताबा घेतानाच मोरीच्या पंपाचा स्विच आणि केसांची जाळी कुठे आहे, हे विचारून घ्यावं. आंघोळीला उभं राहण्याआधी पंप सुरू करावा, तो हवा ओढू लागल्यावरच बंद करावा आणि जाळी रोज साफ करावी. साबण कमीच वापरावा.