रात्रीच्या तासांचे मोल

मूल सांभाळण्यासाठी रात्रभर घरी थांबणाऱ्या बाईला किती द्यावे, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या घराघरांत रोज सोडवला जातो, आणि बहुधा एकाच रीतीने सोडवला जातो. शेजारी काय देतात याची चौकशी होते, मागच्या बाईला काय देत होतो ते आठवले जाते, ब्यूरोने सांगितलेल्या आकड्यावर थोडी घासाघीस होते आणि एक ठोक रक्कम ठरते. त्या रकमेत तास किती, त्यांतले जागरणाचे किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही. बाईने तो मांडू पाहिलाच, तर एक उत्तर तयार असते : ‘रात्री तुला झोपायचेच तर आहे!’

श्रमाच्या मोबदल्याविषयीचा एक मोठा गैरसमज या उत्तरात दडला आहे. अग्निशामक दलाच्या जवानाने बंब बाहेर न काढता रात्र घालवली, म्हणून त्याचा पगार कोणी कापत नाही. आग लागली तर तो हजर असेल, या हमीचे मोल आपण देतो. मूल सांभाळणारी बाईही हीच हमी देते. मूल कण्हले तरी तिला जाग आली पाहिजे, ताप चढला तर तिला कळले पाहिजे. ती झोपते ती कान उघडा ठेवून. त्या रात्री तिला आपल्या घरी जाता येत नाही. तिचे स्वतःचे मूल सासूजवळ नाही तर थोरल्या मुलीजवळ निजते. ही रात्र तिने विकलेली असते. तेव्हा मोबदला ठरवताना तिचे डोळे किती वेळ मिटले होते हे मोजणे गैरलागू आहे. तिच्या स्वातंत्र्याचे किती तास दुसऱ्याच्या हवाली झाले, हे मोजले पाहिजे.

हा वाद आपल्यापुरता नाही. ब्रिटनमध्ये मेनकॅप या संस्थेसाठी अपंगांची देखभाल करणारी एक स्त्री रात्री १० ते सकाळी ७ त्यांच्या घरी मुक्कामाला असे. या नऊ तासांचे तिला मिळत २९ पौंड ५ पेन्स. ठरावीक भत्ता आणि एका तासाचे वेतन मिळून. सोळा महिन्यांत तिला रात्री उठावे लागले ते सहा वेळा. १९ मार्च २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झोपेच्या तासांना किमान वेतन लागू होत नाही. याउलट २००३ साली युरोपीय न्यायालयाने एका जर्मन डॉक्टरच्या प्रकरणात म्हटले होते की रुग्णालयात हजर राहून बोलावण्याची वाट पाहण्याचा सारा काळ, झोपेसकट, कामाचाच काळ होय. अमेरिकेच्या नियमांनुसार २४ तासांहून कमी पाळी असेल, तर झोपण्याची मुभा असली तरी सर्व तास कामाचे धरतात. मात्र त्याच अमेरिकेने १९७४ साली घरकामगारांना किमान वेतनाच्या कक्षेत घेतले, तेव्हा अधूनमधून मूल सांभाळायला जाणाऱ्यांना बाहेर ठेवले. मूल सांभाळणे हे ‘खरे काम’ मानायला कायदा सर्वत्र कचरतो, याचे हे द्योतक आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांसंबंधीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. ज्या काळात कामगाराला स्वतःच्या वेळेचा विनियोग मनाप्रमाणे करता येत नाही आणि हाक येईल म्हणून घराच्या दिमतीला राहावे लागते, तो काळ कामाचा धरावा, असे त्याचे दहावे कलम सांगते. मात्र किती प्रमाणात, हे देशोदेशींच्या कायद्यांवर सोडते. भारताने कराराच्या बाजूने मत दिले, पण त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. जिनिव्हात हात वर करायचा आणि दिल्लीत तो खिशात घालायचा, असा हा प्रकार आहे.

आपल्या कायद्यांची दृष्टी उंबरठ्यापाशी कशी थबकते, ते पाहण्यासारखे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात स्त्रियांना कारखान्यात काम करण्यास मनाई केली होती. रात्रपाळी स्त्रीला झेपणार नाही, अशी काळजी त्यामागे होती. परंतु त्याच काळात परक्या घरात रात्र जागवणाऱ्या स्त्रीची काळजी कोणालाही वाटली नाही, कारण ते ‘काम’ आहे हेच मान्य नव्हते. कर्नाटक, केरळ, राजस्थान यांसारख्या राज्यांनी पुढे घरकामाला किमान वेतनाच्या यादीत घेतले. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, कल्याणकारी मदत आहे, पण रात्रीचा दर नाही. घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याची गरज तपासावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला सांगितले. अशा कायद्याची वाट पाहत असताना दर मात्र रोज रात्री ठरतच आहेत.

अनिश्चित वेळ आणि अनिश्चित मोबदला यांची जोडी माणसाला कोठे नेते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. वतनदार महाराला सरकारी कामासाठी दिवसा-रात्री केव्हाही बोलावले जाई. कामाला तास नव्हते आणि मोबदला बलुत्यावर नि तुटपुंज्या इनामावर सोडलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले, ते याच वेठीवर बोट ठेवून. रात्रीची बाई वतनात जन्मलेली नाही, तिला काम सोडता येते, हा फरक मोठा आहे. तरीही उरलेला भात, जुनी साडी आणि ‘घरच्यासारखी वागवतो’ हे आश्वासन रोख मजुरीत मोजले जाते, तेव्हा बलुत्याचीच आठवण होते.

मग दर कसा ठरवावा? आमची सूचना अशी. रात्री ९ ते सकाळी ७ हे दहा तास धरू. मुलाला भरवणे, निजवणे आणि सकाळी उठवून आवरणे यांचे तीन तास पूर्ण दराचे. उरलेल्या सात तासांना निदान निम्मा दर. त्या वेळात जितक्यांदा उठावे लागेल, तितके तास पूर्ण दराने मोजावेत. तान्हे मूल किंवा आजारी मूल असेल, अथवा बाईला पाच तासही झोप मिळाली नसेल, तर सारी रात्र पूर्ण दराची. हिशेबाच्या सोयीसाठी तासाला १०० रुपये मानले, तर शांत रात्रीचे ६५०, दोनदा उठावे लागल्यास ७५० आणि जागरणाच्या रात्रीचे १,००० रुपये होतात. निम्मा हा आकडा काही शिलालेख नव्हे. वाटाघाटीची ती खालची पायरी आहे, आणि ती शून्याच्या वर आहे हे महत्त्वाचे. शिवाय आतून कडी लागणारी झोपण्याची जागा, येण्याजाण्याचे भाडे आणि ऐन वेळी ‘आज नको’ म्हटल्यास निम्मी मजुरी, या गोष्टी उपकाराच्या सदरात जाऊ नयेत. सकाळची भांडी या दरात येत नाहीत, हेही आधीच बोलून घ्यावे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला, एकट्याने मूल वाढवणाऱ्या कामगार स्त्रीला हा दर कोठून परवडणार? तिला तो परवडणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण म्हणून एका कष्टकरी स्त्रीच्या कमी पगाराची भरपाई दुसऱ्या कष्टकरी स्त्रीच्या झोपेतून व्हावी, हा न्याय नव्हे. ज्या आस्थापनेला रात्रपाळी हवी, तिनेच त्या रात्रीच्या मुलांचा भार उचलला पाहिजे. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभाच्या कायद्यात आली. हे पाळणाघर रात्रपाळीतही उघडे असले पाहिजे आणि तेथील सेविकांना रात्रीचे रीतसर वेतन मिळाले पाहिजे, ही मागणी रुग्णालयांच्या कामगार संघटनांनी हाती घेण्याजोगी आहे. दोन्ही स्त्रियांचे हित त्या एका मागणीत सामावते.

१९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला, आणि त्या लढ्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. धुण्या-भांड्याचा दर घरमालकिणीच्या मर्जीवर न सोडता सगळ्यांनी मिळून ठरवता येतो, हे तेव्हा दिसले. रात्रीच्या दराचेही तसेच व्हायला हवे. वस्तीवस्तीतील सभांत हा हिशेब मांडला जावा आणि दरपत्रक छापून हाती द्यावे. त्याची पहिली अंमलबजावणी कार्यकर्त्यांनी आपल्या घरापासून करावी. शिबिरासाठी परगावी जाणारे पती-पत्नी मूल ज्या बाईच्या स्वाधीन करतात, तिची रात्रही चळवळीच्या हिशेबात पूर्ण मोजली गेली पाहिजे.