घराचा नकाशा कोणाच्या हाती?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. ज्या कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या १६० चौरस फुटांच्या एका खोलीत जन्मल्या, वाढल्या आणि संपल्या, त्यांना ५०० चौरस फुटांचे, स्वतंत्र संडास-न्हाणीघराचे घर मिळाले. या घटनेचे स्वागत ज्याला करता येत नाही, त्याने स्वतःला समाजवादी म्हणवून घेऊ नये. हे घर कोणाचे दान नव्हे. रहिवाशांनी वर्षानुवर्षे चिवटपणे लावून धरलेल्या मागणीचे ते फळ आहे.

परंतु स्वागत झाल्यावर एक प्रश्न उरतोच. एवढ्या मोठ्या पुनर्वसनाचे मोजमाप समारंभात आणि जाहिरातींत एकाच आकड्याने झाले: पाचशे. जणू घर म्हणजे कापडाचा तागा. तो किती वार फाडून दिला एवढेच पाहायचे. चाळीस मजली इमारतीतल्या त्या घरात म्हातारी आई दिवसभर कोठे बसेल, रात्रपाळीहून आलेला मुलगा दुपारी कोठे झोपेल, दहावीची मुलगी कोणत्या कोपऱ्यात अभ्यास करील आणि पापड लाटून संसाराला हातभार लावणारी सून पोळपाट कोठे मांडील, हे प्रश्न आराखड्याच्या आधी कोणी विचारले काय? घर कुटुंबासाठी बांधले जाते असे सारेच म्हणतात. पण आराखडा ठरतो त्या दिवशी कुटुंबाला दाराबाहेर उभे केले जाते.

चौरस फुटांचे राज्य

ही रीत नवी नाही. मुंबई सरकारचे विकास खाते, म्हणजेच बी.डी.डी., १९२० साली स्थापन झाले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून दोनशेहून अधिक चाळी उभारल्या. त्या उभारताना डोळ्यांसमोर कुटुंब नव्हते. गिरणीच्या भोंग्याला हजर राहणारे हात होते. हाताला निजण्यापुरती जागा लागते, म्हणून मधोमध लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना एकसारख्या खोल्या आणि मजल्याचे संडास सामाईक. वसाहतवादी सरकारकडून याहून निराळी अपेक्षा करता आली नसती.

स्वराज्यात मात्र ती करता यायला हवी होती. १९९५ साली सुरू झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने कुटुंबाला २२५ चौरस फूट देऊ केले. २००८ साली ते २६९ झाले आणि २०१८ पासून ३००. तेवीस वर्षांत पंचाहत्तर चौरस फुटांची वाढ झाली. परंतु या वर्षांत घर कसे असावे याविषयीच्या विचारात तसूभरही वाढ झाली नाही. दोन माणसांचे कुटुंब असो की नऊ माणसांचे, दुकानात नोकरी असो की घरीच शिवणाचे मशीन असो, साचा एकच. आणि या योजनेच्या मूळ नियमावलीत एक विलक्षण कलम आहे: दर हेक्टरी किमान ५०० घरे बसवलीच पाहिजेत. जगभर दाटीवर कमाल मर्यादा घालतात. येथे गरिबांच्या दाटीला किमान मर्यादा घातली गेली. कारण उघड आहे. पुनर्वसनाची घरे जितक्या थोड्या जमिनीवर कोंबता येतील, तितकी विकण्याची जमीन मोकळी होते. तेव्हा नकाशा काढणारा हात वास्तुविशारदाचा असला, तरी तो हलवणारा हात विक्रीच्या हिशेबाचा असतो.

या हिशेबाची किंमत शरीराने मोजावी लागते. गोवंडी-मानखुर्द परिसरात प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पी.एम.जी.पी. कॉलनी या वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अभ्यास केला. इमारती एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या पहिल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण तिसरीपेक्षा अधिक आढळले, आणि त्याचा संबंध ऊन-वारा न पोचण्याशी असल्याचे त्यातून दिसले. नटवर पारेख कंपाउंडमधील दोन इमारतींत जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. झोपडीतून ‘पक्क्या’ घरात नेलेल्या माणसाला घरानेच आजारी पाडावे, याला पुनर्वसन कोणत्या तोंडाने म्हणायचे?

चाळीचे गोडवे गाणाऱ्यांस

येथे दुसऱ्या बाजूचाही समाचार घेतला पाहिजे. चाळ पडू लागली की एक वर्ग हळवा होतो. गॅलरीतल्या गप्पा, गणेशोत्सव, उघडी दारे, शेजारधर्म यांच्या आठवणींनी त्याचा गळा दाटून येतो. हा वर्ग बहुधा चाळ सोडून तीस वर्षे झालेला असतो. पहाटे चारला उठून पाण्याची पिंपे भरणाऱ्या बाईला, रात्री सामाईक संडासाकडे जाताना धाकट्या बहिणीला सोबतीला उठवणाऱ्या मुलीला, पडद्याआड संसार सुरू केलेल्या जोडप्याला त्या गोडव्यांचे काय होय? चाळीतली माणुसकी ही माणसांची कमाई होती, चाळीची नव्हे. अपुऱ्या जागेवर त्यांनी मात केली, म्हणून अपुरी जागा पूजनीय ठरत नाही.

तथापि, त्या माणसांनी मात कशी केली हे मात्र नीट अभ्यासण्यासारखे आहे. १६० चौरस फुटांत त्यांनी पोटमाळा चढवला, मोरीला आडोसा केला, पलंगाखाली धान्याचे डबे आणि पलंगावर अभ्यास अशी दुमजली व्यवस्था लावली. बी.डी.डी.तला मधला पॅसेज आणि गिरगाव-लालबागच्या चाळींतली गॅलरी ही तर कुटुंबाची दुसरी खोलीच होती. रात्री घरातले पुरुष तेथे अंथरूण टाकीत, दिवसा म्हातारी माणसे तेथे बसत, दुपारी बायका तेथे धान्य निवडीत आणि संध्याकाळी मुले दहा दारांच्या नजरेखाली खेळत. कागदावर खोली १६० फुटांची होती. जगण्यात ती त्याहून मोठी होती. नव्या इमारतीत लिफ्टसमोरच्या कोंदट जागेत अंथरूण टाकता येत नाही, म्हातारीची खुर्ची ठेवता येत नाही. म्हणजे ३०० फुटांचे घर देताना कुटुंबाची जी जागा काढून घेतली, ती हिशेबात कोठेच धरलेली नाही. चाळ टिकवावी, असा याचा अर्थ मुळीच नाही. गॅलरीने जे काम केले ते नव्या इमारतीत कोण करणार, एवढेच नकाशाने सांगावे.

घर हे कामाचे ठिकाण

नकाशा काढणाऱ्यांची आणखी एक समजूत अशी की घरात माणूस काम करून दमल्यावर येतो. ही समजूत पुरुषाची आहे. बाईसाठी घर हाच कारखाना आहे, आणि श्रमिक वस्तीत तर तो शब्दशः आहे. गिरणगाव ज्या खानावळींवर जगले, त्या कामगारांच्या बायकांनी आपल्या खोल्यांतूनच चालवल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या खानावळवाल्या बायांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कोठे हे श्रम जगाला दिसू लागले. सोलापुरात हजारो विडी कामगार स्त्रिया कारखान्याच्या शाखेतून पाने-तंबाखू आणून मांडीवर सूप घेऊन घरीच विड्या वळतात. या स्त्रियांसाठी लढून मिळवलेली कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली पूर्ण झाली. दहा हजार घरांची ही वसाहत मार्क्सवादी कार्यकर्त्यांचे काम आहे. पक्षभेद बाजूला ठेवून त्यांना श्रेय दिले पाहिजे. कारण कष्टकऱ्यांची संघटना घराच्या प्रश्नात उतरली तर काय होऊ शकते, हे त्यांनी दाखवले.

ओट्याची उंची, खिडकीची दिशा, धूर जाण्याची वाट, कपडे वाळत घालण्याची दोरी या ‘बायकी’ बाबी समजल्या जातात. युरोपात या बाबींना क्रांतिकारक महत्त्व आहे हे एका कम्युनिस्ट स्त्रीने ओळखले होते. मार्गारेट श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ साली फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले. बाई किती पावले चालते, किती वेळा वाकते, याचा विचार करून आखलेले ते स्वयंपाकघर हजारो घरांत बसवले गेले. त्याच सुमारास समाजवादी व्हिएन्ना नगरपालिका श्रीमंतांवर अधिक भार टाकणारा घरबांधणी कर बसवून साठ हजारांवर घरे बांधीत होती. त्या वसाहतींत सामाईक धुलाईघरे आणि बालवाड्या होत्या. आज ‘मॉड्युलर किचन’ हा शब्द लाखो रुपयांच्या जाहिरातीत दिसतो. कामगार बाईची पाठ वाचवण्यासाठी निघालेली कल्पना बाजाराने उचलली, सजवली आणि जिला तिची गरज होती तिलाच परवडेनाशी केली.

पुनर्वसनाच्या घरावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लागते. ही तरतूद चांगली आहे. पण कागदावर नाव असलेल्या त्या बाईला नकाशा दाखवला जातो तो मंजूर झाल्यानंतर.

न हलणाऱ्या भिंती

कुटुंब ही स्थिर वस्तू नाही. मुलगा लग्न करतो, मुलगी माहेरी परतते, वडील अंथरुणाला खिळतात, गावाहून पुतण्या शिकायला येतो. घराला या बदलांबरोबर बदलता आले पाहिजे. पूर्वीच्या इमारतींत विटेची आतली भिंत काढता किंवा सरकवता येत असे. आता अनेक उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतले जातात. काम झपाट्याने उरकते. परंतु आतली भिंतसुद्धा भार पेलणारी ठरते आणि तिला हात लावणे धोक्याचे होते. म्हणजे बांधकामाचे काही महिने वाचवण्यासाठी पुढच्या पन्नास वर्षांचे कौटुंबिक जीवन साच्यात ओतले जाते. ज्यांना परवडते ते दुसरे घर घेतात. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरात भांडणे वाढतात.

‘मुंबईत जागाच नाही’ हे याला ठरलेले उत्तर. हे उत्तर खोटे आहे. जागा होती, ती कोणाला द्यायची याचा निर्णय झाला. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा महापालिकेला आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी ठेवला होता. २००१ साली नियम बदलून ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती केली गेली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. २००७ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदाही महाराष्ट्राने गुंडाळला. त्याच कायद्याखालील अतिरिक्त जमिनीवर मृणालताई गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने गोरेगावच्या दिंडोशीत हजारो सामान्य कुटुंबांची घरे उभी केली होती. टंचाई जमिनीची नाही, इच्छेची आहे.

कल्पकतेचीही टंचाई नाही. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी बेलापूरला वसाहत आखली. सात-सात घरे एका अंगणाभोवती, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणून प्रत्येकाला सवडीने घर वाढवता यावे. बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबांना जोते आणि संडास-न्हाणीचा गाभा देऊन उरलेले घर त्यांच्या हातांवर सोपवले. पुढे बेलापूरची अनेक घरे पाडून तेथे पैसेवाल्यांनी मजले चढवले, हेही खरे. त्यातून धडा एवढाच की उत्तम नकाशाही जमिनीच्या बाजारापुढे एकटा टिकत नाही; त्यामागे संघटना लागते.

कार्यकर्त्यांचे काम

आणि येथेच पुरोगामी चळवळीने स्वतःकडे पाहिले पाहिजे. मोर्चे निघाले ते किती फूट यासाठी. कसे घर यासाठी क्वचितच. विकासकाने पंचवीस फूट वाढवून दिले की विजयाचा गुलाल उधळला गेला. बाजाराचीच मोजपट्टी हातात घेऊन बाजाराशी लढता येत नाही.

पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या प्रत्येक चाळीत आणि वस्तीत कार्यकर्त्यांनी काही साध्या मागण्या रुजवाव्यात. आराखड्यापूर्वी घरोघर पाहणी व्हावी: माणसे किती, वृद्ध व अपंग किती, घरी बसून काम कोण करते. एकाच क्षेत्रफळाचे किमान तीन निरनिराळे नकाशे लोकांपुढे यावेत. ठरलेला नकाशा मैदानात फक्कीने खऱ्या मापात आखावा. बायकांनी त्यात खाट, कपाट, शिवणाचे मशीन मांडून पाहावे आणि त्यानंतरच सभेने संमती द्यावी. याला ना परदेशी सल्लागार लागतो ना कोट्यवधींचा निधी; फक्कीचे एक पोते पुरते. आतल्या निदान काही भिंती काढता येण्याजोग्या असाव्यात. प्रत्येक मजल्यावर उजेडाची, बसण्याजोगी सामाईक जागा असावी आणि ती कोणाच्याही क्षेत्रफळातून कापली जाऊ नये. दोन इमारतींमधील अंतर ठरवताना तळमजल्यावरच्या खिडकीत ऊन येते की नाही, ही कसोटी असावी.

या मागण्या किरकोळ आहेत असे कोणाला वाटेल. सत्ता मात्र त्यांना किरकोळ समजणार नाही. फूट वाढवून मागणाऱ्याला फूट देऊन गप्प करता येते. ‘आमच्या घराचा नकाशा आम्ही ठरवू’ असे म्हणणारी बाई मात्र जमीन कोणाची, नफा कोणाचा आणि शहर कोणाचे हे प्रश्न ओघानेच विचारू लागते. ती विचारू लागेल, असे करणे हे पक्षाचे काम आहे.