बदलता कलावंत आणि त्याचा रसिक : 'ओपेथ'च्या निमित्ताने

हेवी मेटल ऐकणाऱ्यांना 'रसिक' म्हणायला आपल्याकडचे बरेच जण आजही कचरतात. त्यांना 'फॅन' म्हटले जाते आणि त्या शब्दात एक गृहीतक दडलेले असते : ही मंडळी ऐकतात कमी, भक्ती अधिक करतात. आम्हांला हे मान्य नाही. स्वीडनच्या 'ओपेथ' या बँडच्या श्रोत्यांमध्ये २०११पासून जो वाद रंगला, तो शैली, परंपरा आणि कलावंताचे स्वातंत्र्य यांविषयीचा गंभीर वाद आहे. साहित्याच्या अभ्यासकांनीही त्याची दखल घ्यायला हरकत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ओपेथचा जन्म १९९०च्या सुमारास स्टॉकहोम परिसरात झाला. पहिला अल्बम 'ऑर्किड' १९९५चा. मिकाएल ओकरफेल्ट हा गायक, गिटारवादक आणि प्रमुख रचनाकार. डेथ मेटलचा घशातून काढलेला गुरगुरता आवाज, ज्याला 'ग्राउल' म्हणतात, आणि स्वच्छ, जवळजवळ लोकगीतासारखे गाणे हे दोन्ही एकाच रचनेत नांदवणे ही या बँडची ओळख ठरली. 'मॉर्निंगराइझ' (१९९६) या अल्बममध्ये अवघी पाच गाणी आहेत. प्रत्येक दहा मिनिटांहून मोठे आणि एक तर वीस मिनिटांचे. स्टीव्हन विल्सनच्या साहाय्याने निर्मिलेल्या 'ब्लॅकवॉटर पार्क'मध्ये (२००१) ही रीत परिपक्व झाली. 'वॉटरशेड'नंतर (२००८) मात्र ग्राउल लोपला. 'हेरिटेज' (२०११) ते 'इन कॉडा वेनेनम' (२०१९) या चार अल्बमांत तो नाही. तेथे १९७०च्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉकची छाया आहे.

यावर श्रोत्यांचे दोन तट पडले. एकाला हा विश्वासघात वाटला. दुसऱ्याने त्याला 'उत्क्रांती' म्हटले आणि प्रत्येक बदल ही प्रगतीच आहे असे मानले. आमच्या मते दोन्ही भूमिका आळशी आहेत. पहिली कलावंताला कारागीर समजते : मागच्या वेळी आवडलेली वस्तू पुन्हा घडवून द्यावी, एवढीच तिची अपेक्षा. दुसरी वरवर उदार दिसते, पण 'उत्क्रांती' या रूपकात आधीचे ते खालच्या पायरीवरचे, असा निवाडा ऐकण्याआधीच दिलेला असतो. शिवाय वस्तुस्थिती तिला साथ देत नाही. 'डॅम्नेशन' (२००३) या अल्बममध्ये ग्राउल मुळीच नव्हता, आणि त्याच काळात ध्वनिमुद्रित झालेला 'डिलिव्हरन्स' (२००२) मात्र अतिशय कठोर होता. म्हणजे २०११ साली काही नवे उगवले असे नव्हे. पहिल्यापासून असलेल्या दोन प्रवाहांपैकी एक थांबला.

म्हणूनच नाराज श्रोत्यांची तक्रार आम्ही सरसकट झिडकारणार नाही. ओपेथच्या जुन्या रचनांत ग्राउल हा अलंकार नव्हता, तो रचनेचा खांब होता. जड रिफ अचानक थांबते आणि एकट्या अकूस्टिक गिटारचे सूर उमटतात, तेव्हा त्या हळुवारपणाला अर्थ येतो तो शेजारच्या कठोरपणामुळे. हा खांब काढायचा तर ताण दुसरीकडून आणावा लागतो. 'हेरिटेज'मध्ये तो सर्वत्र साधलेला नाही. काही गाणी सुट्या तुकड्यांची माळ वाटतात. 'पेल कम्युनिअन'मध्ये (२०१४) ऑर्गन आणि एकमेकांत गुंफलेले गायनस्वर यांतून तो पुन्हा सापडतो आणि गाणी एकसंध होतात. 'ग्राउल परत आणा' असे म्हणणारा श्रोता ग्राहक असतो. 'ग्राउलने पेललेला ताण आता कोण पेलते?' असे विचारणारा समीक्षक असतो. दोघांची नाराजी सारखी असली तरी प्रश्न वेगळे आहेत.

'इन कॉडा वेनेनम' स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्यांत निघाला. शब्द आधी स्वीडिशमध्ये लिहिले गेले होते. स्वीडिश मुळीच येत नसूनही तीच आवृत्ती पसंत करणारे श्रोते आहेत, आणि आम्हीही त्यांतलेच. चाल आणि शब्द यांचा सांधा तेथे अधिक घट्ट वाटतो. शब्दार्थाच्या अलीकडे भाषेचा नाद काय करतो, हे कवितेच्या वर्गात शिकवणे किती कठीण जाते ते शिक्षक जाणतात. या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर ते काम थोडे सोपे होईल.

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर मर्ढेकरांचा देता येईल. 'शिशिरागम' (१९३९) आणि 'काही कविता' (१९४७) यांत आठच वर्षांचे अंतर आहे. पहिल्या संग्रहाच्या मापाने दुसरा मोजला असता तर हाती केवळ दुर्बोधता लागली असती, आणि पहिला केवळ पूर्वतयारी म्हणून वाचला तर त्याचे स्वतःचे आर्जव हरवते. बदललेल्या कलाकृतीला तिचे माप तिच्यातूनच शोधून द्यावे लागते.

२०२४मध्ये आलेल्या 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट'मध्ये तब्बल सोळा वर्षांनी ग्राउल परतला आणि 'आमचा ओपेथ परत आला' असा जल्लोष झाला. आम्हांला हा आनंद समजतो, पण त्यामागचे निदान पटत नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात एका धनाढ्य पित्याचे मृत्युपत्र त्याच्या मुलांसमोर वाचले जाते, अशी या अल्बमची कथा. पहिल्या सात गाण्यांना शीर्षके नाहीत, मृत्युपत्राच्या परिच्छेदांप्रमाणे केवळ चिन्ह आणि क्रमांक आहेत. या चौकटीत ग्राउल आम्हांला मेलेल्या पित्याच्या हुकमतीसारखा ऐकू येतो. पूर्वी तो एक पोत होता, आता ती एक भूमिका झाली आहे. सोबतीला 'जेथ्रो टल'च्या इयन अँडरसनचे निवेदन आणि बासरी आहे. म्हणजे ज्या दशकाकडे ओपेथ वळला म्हणून श्रोते रुसले होते, तेच दशक येथे प्रत्यक्ष हजर आहे. मधल्या चार अल्बमांवाचून हे काम घडले असते असे आम्हांला वाटत नाही.

तेव्हा हे पुनरागमन नव्हे, आणि रुसलेल्यांचा विजय तर नव्हेच. कलावंतावर रसिकाचा हक्क जरूर आहे, पण तो मागणीचा हक्क नाही. नीट ऐकून नापसंती कारणांसह मांडण्याचा तो हक्क आहे. या बँडच्या चांगल्या श्रोत्यांनी तो बजावला आहे. ग्राउल नसलेले अल्बम आवडले नाहीत तरी त्यांनी ते पुनःपुन्हा ऐकले आणि काय हरवले, काय मिळाले याचा हिशेब मांडला. आवडत्या लेखकाचे नवे पुस्तक दहा पानांत मिटून 'पहिल्यासारखे राहिले नाही' म्हणणाऱ्या आपल्या वाचकवर्गाने त्यांच्याकडून एवढी चिकाटी घ्यावी.