अदृश्य माणसाचा मोह आणि लाल काच

‘मिस्टर इंडिया’ या १९८७ सालच्या चित्रपटाविषयी साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकात लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. आपल्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांत हिंदी चित्रपट पुष्कळ पाहिले जातात. पण त्यांविषयी बोलायचे ते जेवणानंतर सुपारी कातरताना, आणि लिहायचे ते संतवाङ्मय, नाट्यसंगीत व होळकरशाही यांविषयीच, असा एक अलिखित दंडक आहे. तो दंडक आम्हांस मान्य नाही. त्याचबरोबर या चित्रपटाच्या भक्तांनी त्याची जी मूर्ती करून ठेवली आहे, तीही आम्हांस मान्य नाही. या दोन्ही पक्षांशी आमचा वाद आहे. तो क्रमाने मांडतो.

पहिला पक्ष म्हणतो, हा चित्रपट आपला नव्हे. त्यांना विचारावेसे वाटते की, मग आपला कोणता? त्याची कथा-पटकथा सलीम-जावेद या जोडीची. सलीम खान यांचा जन्म इंदूरचा, जावेद अख्तर यांचा ग्वाल्हेरचा. म्हणजे एक होळकरांच्या राजधानीत जन्मलेला, दुसरा शिंद्यांच्या. संगीत देणाऱ्या जोडीपैकी लक्ष्मीकांत हे कुडाळकर. संकलन करणाऱ्यांपैकी वामन भोसले हे मूळचे गोमंतकीय. ज्यांचा आवाज नायकाला लाभला ते किशोरकुमार खंडव्याचे आणि आपल्या ख्रिश्चन कॉलेजचे विद्यार्थी. इतकी माणसे ओळखीची असूनही चित्रपट परका ठरत असेल, तर दोष आपल्या चष्म्याचा आहे.

हाच पक्ष पुढे म्हणतो की, ही विज्ञानकथा नव्हे, मुलांची करमणूक आहे. विज्ञानकथेला साहित्याच्या ओसरीवर बसवून ठेवण्याचे दिवस आता सरले. २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकरांना मिळाले, तेव्हाच त्या वादावर पडदा पडावयास हवा होता. विज्ञानकथेची कसोटी सरळ आहे. एक अशक्य गोष्ट गृहीत धरावी, पण मग तिचे नियम काटेकोरपणे पाळावेत. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ च्या कादंबरीतला अदृश्य माणूस थंडीने कुडकुडतो, कारण कपडे घातले तर ते लोकांस दिसतात. त्याने खाल्लेले अन्नही अंगी लागेपर्यंत दिसत राहते. शक्तीबरोबर तिची अडचणही आली पाहिजे, हा तो नियम होय. ‘मिस्टर इंडिया’त मनगटावरच्या यंत्राने अदृश्य झालेला नायक लाल प्रकाशात किंवा लाल काचेतून दिसतो. ही एक अट घातल्यामुळेच कथा जादूची न राहता विज्ञानाची झाली. हिंदी चित्रपटाला अदृश्य माणूस नवा नव्हता. १९५७ च्या ‘मिस्टर एक्स’मध्ये अशोककुमार आणि १९६४ च्या ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’मध्ये किशोरकुमार, असे दोघे बंधू पूर्वीच अदृश्य होऊन गेले होते. मात्र आपल्या मनात रुजली ती ही लाल काच.

आता दुसरा पक्ष, भक्तांचा. त्यांच्या लेखी या चित्रपटात तीनच गोष्टी आहेत: खलनायकाचे तीन शब्दांचे वाक्य, नायिकेचे निळ्या साडीतले गाणे आणि ते यंत्र. पैकी गाण्याविषयी आमची तक्रार नाही. खलनायकाचे वाक्य मात्र आज बारशापासून सेवानिवृत्तीच्या समारंभापर्यंत कोठेही लाडाने म्हटले जाते. हा गृहस्थ चित्रपटात काय करतो, याची आठवण कोणास आहे? त्याची माणसे गर्दीच्या ठिकाणी बॉम्ब ठेवतात आणि त्यात एक अनाथ चिमुरडी प्राणास मुकते. मे १९८५ मध्ये दिल्लीत व उत्तर भारतात ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेल्या बॉम्बांनी माणसे मारली होती. दोनच वर्षांनी हा प्रसंग पाहणाऱ्या प्रेक्षकाला तो कल्पनेतला वाटला नसेल. त्या मुलीचे नाव आपण विसरलो आणि मारणाऱ्याचे वाक्य पाठ केले.

तिसरी गोष्ट यंत्राची, आणि आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. वर्तमानपत्रात भेसळीची वा लाचखोरीची बातमी आली की, आपल्यातली सुशिक्षित मंडळीही म्हणतात, ‘एखादा मिस्टर इंडिया हवा होता.’ चित्रपटात अनाथ मुलांच्या धान्यात खडे निघतात, मुले उपाशी राहतात, आणि मग अदृश्य हात दुष्टांना धडा शिकवतो. आम्ही राज्यशासनाच्या सेवेत उमेदीची वर्षे काढली आहेत. भेसळीविरुद्धचा कायदा देशात १९५४ सालापासून होता. त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घेतली. नमुना घ्या, पंचनामा करा, प्रयोगशाळेचा अहवाल आणा, न्यायालयात उभे राहा, ही वाट किती लांब आणि कंटाळवाणी आहे, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. अदृश्य माणसाला पंचनामा लागत नाही. म्हणूनच तो आवडतो, आणि म्हणूनच तो घातक आहे. ज्याला त्याने मारले तो निर्दोष असला, तर त्याने दाद कोणाकडे मागावी? न दिसणाऱ्या हाताविरुद्ध अपील करता येत नाही.

अदृश्यता ही सामान्य माणसाला मिळावी अशी दुर्मीळ शक्ती आहे, हा समजही भाबडा आहे. ती सत्तावानांपाशी नेहमीच असते. आपल्याच राज्यात २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री न दिसणाऱ्या वायूने भोपाळमध्ये हजारो माणसे मारली. कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन ७ डिसेंबरला भोपाळात आले, अटक झाले, जामिनावर सुटले, शासकीय विमानाने बाहेर पडले आणि २०१४ साली मरण येईपर्यंत भारतातील कोणत्याही न्यायालयास दिसले नाहीत. याहून परिपूर्ण अदृश्यता कोणत्या कथाकाराने कल्पिली आहे? त्यासाठी मनगटावर यंत्र लागले नाही.

तेव्हा समाजाला हवी असते ती लाल काच, यंत्र नव्हे. १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आलेला माहितीचा अधिकार ही आम्हांस तशी काच वाटते. दहा रुपयांच्या अर्जावर कारकुनापासून सचिवापर्यंत कोणाचाही शेरा सामान्य माणसास पाहता येऊ लागला, ही आमच्या पिढीच्या प्रशासनातली मोठी घटना होय. २०२३ च्या व्यक्तिगत विदाविषयक कायद्याने त्या अधिकाराचे आठवे कलम आक्रसले, तेव्हा त्याविषयी आपल्या किती बैठकींत चर्चा झाली? यंत्राची हळहळ करणाऱ्यांनी काच काढून घेतली जाताना निदान मान वर करून पाहावयास हवे होते.

गंमत अशी की, चित्रपट आमच्या बाजूचा आहे. शेवट नीट पाहावा. खलनायकाच्या गुहेत नायक आपणच तो अदृश्य पुरुष असल्याचे सांगतो, तेव्हा यंत्र त्याच्याजवळ नसते. क्षेपणास्त्रे सुटण्याच्या बेतात असताना तो समोरासमोर, सर्वांस दिसत, दोन हातांनी लढतो आणि जिंकतो. जन्मभर यंत्राची आठवण काढणाऱ्यांनी हा शेवट पाहिलाच नाही, असे म्हणणे भाग आहे.

लेखकांनाही अदृश्य राहणे मान्य नव्हते. ‘जंजीर’च्या वेळी, १९७३ साली, सलीम-जावेद यांनी मुंबईतल्या भित्तिपत्रकांवर आपली नावे रंगवून घेतली, ही हकिगत सर्वश्रुत आहे. २०२० मध्ये ‘मिस्टर इंडिया’च्या नव्या अवताराची घोषणा झाली, तेव्हा हा चित्रपट कोणाचा, दिग्दर्शक शेखर कपूर यांचा की लेखकाचा, यावर कपूर आणि अख्तर यांच्यात जाहीर खडाजंगी झाली. ती आम्हांस अशोभनीय वाटली नाही. आपल्या कामाखाली नाव लिहिणे म्हणजे त्याची जबाबदारी घेणे.

अदृश्यतेचा प्रामाणिक उपयोग एकच आम्हांस ठाऊक आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी आपली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. परीक्षकांनी कीर्तीकडे न पाहता कथा पाहावी म्हणून. त्यांनी लपवला तो आपला मोठेपणा. आपली मंडळी ज्या वीराची वाट पाहतात, तो लपवतो आपला हात. या दोहोंतला भेद ज्याला कळला, त्याला हा चित्रपट कळला.

आमच्या खजरान्याच्या गणपतीमागील भिंतीवर भाविक उलटे स्वस्तिक काढतात आणि मनोरथ पुरे झाले की सुलटे काढावयास येतात. देवाकडे असे मागावे. तो त्याचा आणि भक्ताचा प्रश्न आहे. राज्यकारभाराकडून मात्र चमत्कार मागू नये, हिशेब मागावा, आणि तो मागताना आपले नाव व पत्ता स्पष्ट अक्षरांत लिहावा.